शंभरच्या पुढचे दहा-दहा किलोमीटर

विजेवरची रेसिंग मोटरसायकल घरीच बांधणाऱ्यांची पत्रं या वेळी बहुतेक वऱ्हाड-नागपूर पट्ट्यातून आली आहेत. प्रत्येकाची गाडी वेगळी, म्हणून हिशेब एकच गाडी समोर ठेवून केले आहेत: जुन्या १५० सीसी गाडीची चेसिस, मधोमध बसवलेली चेनवरची मोटर, २१७०० आकाराच्या २०० सेलचा पॅक (२० सिरीज, १० पॅरलल, म्हणजे दहा-दहा सेल शेजारी जोडून केलेले २० गट एकापाठोपाठ; पूर्ण भरल्यावर ८४ व्होल्ट), एका फेऱ्यात १.९२ मीटर जाणारं मागचं चाक आणि स्वारासकट २३० किलो वजन. तुमचे आकडे वेगळे असतील, तर बेरीज-गुणाकार तुम्हीच करायचा.

प्रश्न : गाडी ताशी १०४ वर जाऊन अडकते. पॅक भरलेला असतो, मी टाकीवर पूर्ण झोपलेलो असतो, तरी १०४ म्हणजे १०४. त्या वेळी कंट्रोलरच्या ॲपवर ७८ व्होल्ट आणि ११० अँपियर दिसतात. कंट्रोलर २५० अँपियरचा आहे, मोटर दर व्होल्टला मिनिटाला ६० फेऱ्यांची. स्प्रॉकेट पुढे १२ आणि मागे ६० दातांचं. दुकानदार म्हणतो, ४०० अँपियरचा कंट्रोलर घ्या. घेऊ का?
— एक वाचक, परतवाडा (जि. अमरावती)

उत्तर : घेऊ नका. उत्तर तुमच्याच पत्रात आहे. कंट्रोलर म्हणजे बॅटरीतून मोटरला करंट मोजून देणारा डबा. २५० देऊ शकणारा कंट्रोलर ११० च देतोय, म्हणजे त्याला कोणी अडवलेलं नाही. मोटरच जास्त घेत नाही. मोटर फिरते तेव्हा तीही उलट्या बाजूनं व्होल्टेज तयार करते. ते बॅटरीच्या जवळ पोचलं की करंट आत शिरायला जागा उरत नाही. ७८ व्होल्टला तुमची मोटर मोकळी सोडली तर ७८ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला ४,६८० फेरे मारेल. तुमचं गिअरिंग ५ आहे (६० भागिले १२), त्यामुळे ताशी १०४ ला तिचे फेरे होतात सुमारे ४,५१०. डोकं छताला लागलेलं आहे. ४०० चा कंट्रोलर लावलात तर गाडी १०४ ला लवकर पोचेल, १०६ होणार नाही.

सूत्र असं: मोटरचे मिनिटाचे फेरे भागिले गिअरिंग, गुणिले चाकाचा घेर मीटरमध्ये, गुणिले ०.०६. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. पुढचं स्प्रॉकेट १२ चं १५ करा. गिअरिंग ५ वरून ४ वर येईल आणि याच बॅटरीवर, याच कंट्रोलरवर गाडी १२५ च्या आसपास जाईल. उठताना जोर वीस टक्के कमी वाटेल, ते चालवून घ्या. मागचं लहान करण्यापेक्षा पुढचं मोठं करणं बरं, कारण १२ दातांवर चेन फार तीव्र वळते, गरम होते आणि लवकर झिजते. मात्र १५ दातांचं बसवल्यावर चेन चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या) पिव्होटला घासत नाही ना ते हातानं चाक फिरवून पाहा. चेन एक-दोन कड्यांनी लांब लागेल, ते आधी मोजा.

१२५ च्या पुढे मात्र खरी लढाई हवेशी आहे. स्वार झोपलेला धरून चाकापाशी लागणारी ताकद अशी: १०० ला साडेसहा किलोवॅट, १२० ला पावणेअकरा, १४० ला साडेसोळा, १६० ला चोवीस. वेग १०० चा १४० झाला, चाळीस टक्के वाढला, आणि ताकद अडीचपट लागली. चेन आणि मोटर मिळून पंधरा टक्के खातात, म्हणजे १६० साठी बॅटरीतून साधारण सव्वाअठ्ठावीस किलोवॅट निघायला हवेत. हा हिशेब कागदीच नाही. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ७७ माक २ या तयार गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनी ३० किलोवॅट आणि ताशी १५५ सांगते. घरच्या ३ किलोवॅट लेबलच्या मोटरवर १६० करून दाखवतो म्हणणाऱ्याला आधी ॲपचा स्क्रीन दाखवायला सांगा.

गाडी अडकण्याचे बाकीचे प्रकारही ॲपवरच ओळखता येतात. करंट मर्यादेला टेकलेला आणि वेग हलत नाही, तर हवा जिंकली. तिथं मोठा कंट्रोलर किंवा चांगलं फेअरिंग (हवा कापणारं पुढचं आवरण) हे इलाज. करंट आधी २५० आणि मग १८०, १५० असा उतरत गेला तर मोटर किंवा कंट्रोलर तापून स्वतःला आवरतोय. एकदम शून्य झाला तर बीएमएसनं, म्हणजे बॅटरीवर पहारा ठेवणाऱ्या सर्किटनं, कट मारलाय. स्वस्त २०० अँपियरचे बीएमएस १३० च्या वेगात हे हमखास करतात. कंट्रोलरमधली बॅटरी करंटची मर्यादा बीएमएसच्या कटपेक्षा १०-१५ टक्के खाली ठेवा, आणि कमी व्होल्टेजचा कट ६० व्होल्टला, म्हणजे सेलमागे ३ व्होल्टला.

राहिला फील्ड वीकनिंगचा, म्हणजे मोटरचं चुंबकीय क्षेत्र कमकुवत करून फेरे वाढवण्याचा मुद्दा, कारण दुकानदार पुढच्या खेपेला तोच सांगणार. सेटिंगमध्ये आकडा वाढवला की १०-१५ टक्के फेरे फुकट मिळाल्यासारखे वाटतात. फुकट नसतात, मोटर जास्त तापते. आणि एक धोका कोणी सांगत नाही: ५,५०० फेऱ्यांना तुमच्या मोटरचं उलटं व्होल्टेज ९२ च्या घरात जातं. त्याच क्षणी कंट्रोलर बंद पडला किंवा बीएमएसनं कट मारला, तर ते ९२ व्होल्ट कंट्रोलरच्या कपॅसिटरवर जाऊन बसतात. आतले मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे स्विच) १०० व्होल्टचे असतील तर मार्जिन संपलं.

प्रश्न : भाऊ, माह्या डोक्यात १०० एएचची एलएफपी टाकाची हाय, २४ सेल. रेंजबी भेटन अन् स्पीडबी. गावातले पोट्टे म्हन्तेत, बॅटरी मोठी त गाडी जोरात. खरं हाय का?
— एक वाचक, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : पोट्टे अर्धंच सांगतात. (एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल, एएच म्हणजे अँपियर-अवर, साठ्याचं माप.) विहिरीत पाणी किती याला इथं फार अर्थ नाही, पाईप किती इंची आहे ते बघायचं. १४० पर्यंतची एक धाव साधारण २१ सेकंदांची. त्यात २२ किलोवॅट सतत ओढले तरी खर्च होतात ०.१३ युनिट. तुमच्या २४ सेलमध्ये साडेसात युनिटांच्या वर साठा आहे. त्यातला बहुतेक नुसता बसून जाईल. उलट बाजारातले बहुतेक १०० एएचचे प्रिझमॅटिक (चौकोनी डब्यासारखे) सेल १०० अँपियर सतत द्यायला बनवलेले असतात, दोनशे-तीनशे फक्त काही सेकंद. किती सेकंद, ते डेटाशीटवर लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

टॉप स्पीडसाठी सेल निवडायचा तो करंटवर. मोलिसेल कंपनीचा पी४२ए घ्या उदाहरणाला: ४.२ एएच, ४५ अँपियरपर्यंत, वजन ७० ग्रॅम. असे २०० म्हणजे १४ किलो. तुमचे २४ एलएफपी सेल भरतील ४८ किलोच्या आसपास. एका सेलचा अंतर्गत रोध साधारण १६ मिलिओम धरला, तर २० सिरीज १० पॅरललचा रोध ३२ मिलिओम होतो. ३०० अँपियर ओढल्यावर ९.६ व्होल्ट जागेवरच पडतात, ८४ चे ७४ होतात. व्होल्ट पडले की फेरे पडतात आणि टॉपही पडतो. म्हणून १० च्या जागी १२ पॅरलल केले तर रेंजपेक्षा जास्त फायदा या पडझडीत होतो.

वजनाबद्दल मात्र उगाच घाबरू नका. ३४ किलो जादा वजनानं १४० च्या वेगाला लागणारी ताकद फक्त दोनशे वॅटनं वाढते. वजन खातं ते पिकअप आणि ब्रेकिंग. २४ एलएफपी सेल पूर्ण भरल्यावर ८७.६ व्होल्टला जातात, तेव्हा कंट्रोलरवर ८४ ची कमाल मर्यादा छापलेली असेल तर तोही विचार करा. रोज वावरात-बाजारात जायची गाडी हवी असेल तर एलएफपी अगदी बरोबर आहे. रेसर हवी असेल तर नाही.

प्रश्न : माझा मुलगा आयटीआयला आहे. घरातल्या मधल्या खोलीत दोनशे सेल जोडून बॅटरी बनवतो आहे. त्याच खोलीत यंदाचा कापूस भरलेला आहे, भाव आल्यावर विकायचा म्हणून. रात्री चार्जिंगला लावून झोपतो. मला भीती वाटते, तो म्हणतो काही होत नाही. काही होतं का?
— एक आई, हिंगणघाट तालुका (जि. वर्धा)

उत्तर : ताई, तुमची भीती बरोबर आहे. आज संध्याकाळच्या आत ती बॅटरी त्या खोलीतून बाहेर काढायला लावा. काम बंद करायला सांगू नका, जागा बदलायला सांगा.

कारण असं. एक सेल आतून शॉट झाला की तो काही सेकंदांत काहीशे अंशांवर जातो, शेजारच्याला पेटवतो, आणि हे साखळीनं चालतं. ही आग हवा बंद करून विझत नाही, कारण तिला लागणारं बरंचसं सेलच्या आतच असतं. वाळू टाकली तर ज्वाळा आणि उडणारे सेल आवरतात, पण आतली साखळी थांबत नाही. पावडरच्या सिलिंडरनं आजूबाजूची आग विझते, बॅटरी नाही. भरपूर पाणी हाच त्यातल्या त्यात उपाय, तोही लांबून, कारण पाणी सेल थंड करतं. धूर विषारी असतो. विझल्यासारखी वाटलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. आणि कापूस? त्याला एक ठिणगी पुरते, शिवाय तो गंजीच्या आत धुमसत राहतो. ही दोन्ही एका छताखाली नकोतच.

जागा अशी हवी: घरापासून आणि कडब्याच्या गंजीपासून दूर, पत्र्याच्या सावलीत, फरशीवर किंवा शहाबादीवर, खाली लाकडी पाट नको, वर गवताचं छप्पर नको. चार्जिंग जागेपणी, कोणीतरी समोर असताना. चार्जर पूर्ण झाल्यावर बॅटरीच्या टोकांवर मल्टिमीटर लावून ८४.० येतात का पाहायचं, ८४.५ आले तर तो चार्जर वापरायचा नाही. शेतपंपाच्या लाइनवर चार्जर लावू नये: ते कनेक्शन पंपासाठी दिलेलं असतं, आणि तिथं व्होल्टेज कधी १७० तर कधी २५० असतं. रेस नसेल त्या दिवसांत पॅक पूर्ण भरून ठेवायचा नाही. सेलमागे ३.७ ते ३.८ व्होल्ट, म्हणजे निम्म्याच्या जवळ, ठेवायचा.

मुलाला या चार गोष्टी विचारा, त्याला कळतील. प्रत्येक सेलच्या प्लस टोकावर फिश पेपरची (वीज न वाहणाऱ्या जाड कागदाची) चकती आहे का? पान्यांना इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे का? काम करताना हातातलं कडं आणि अंगठी काढतो का? सगळे २० गट एक दिवस नुसते ठेवून व्होल्टेज जुळतं का? एखादा गट बाकीच्यांपेक्षा ०.०५ व्होल्टनं खाली घसरत असेल तर त्यात खराब सेल आहे. तो शोधून काढेपर्यंत पॅक गाडीत जाता कामा नये. ८४ व्होल्ट डीसीचा झटका घरच्या लाइनएवढा नसला तरी ओल्या हाताला घातक ठरू शकतो.

प्रश्न : दोन गटांना जोडणाऱ्या निकेलच्या पट्ट्या दोनच धावांत निळ्या पडल्या. ०.१५ × ८ मिलिमीटरच्या आहेत, दर सेलला एक. दुकानदारानं शुद्ध निकेल म्हणून दिल्या.
— एक वाचक, चिखली (जि. बुलडाणा)

उत्तर : बहुधा शुद्ध नाहीत, आणि शुद्ध असत्या तरी पुरल्या नसत्या. ३०० अँपियर दहा पट्ट्यांत वाटले की एकीच्या वाट्याला ३० येतात. दोन सेंटिमीटर लांबीच्या शुद्ध निकेल पट्टीत त्यानं सुमारे १ वॅट उष्णता तयार होते. एक वॅट थोडा वाटतो, पण त्या पट्टीचं वजनच ०.२ ग्रॅम, उष्णता कुठं गेली नाही तर ती सेकंदाला ११ अंशांनी तापेल. निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाची असेल तर याच्या दुपटीनं.

ओळखायला चुंबक उपयोगाचा नाही, निकेललाही चुंबक चिकटतो. तुकडा ग्राइंडरला लावा. लांब फुटणाऱ्या ठिणग्या आल्या तर लोखंड. नाहीतर पट्टीवर कानशीनं ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी तांबूस गंज दिसेल.

इलाज: सिरीजच्या दिशेला ०.२ मिलिमीटर तांब्याची पट्टी, तिच्यावर ०.१ किंवा ०.१५ ची शुद्ध निकेल, दोन्ही एकावर एक ठेवून स्पॉट वेल्डिंग. तांब्याचा रोध निकेलच्या चौथाई आहे, करंट तांब्यातून जातो. निकेल वेल्ड धरायला. साध्या कार बॅटरीवरच्या स्पॉट वेल्डरनं हे नीट होत नाही, वेल्ड वरून छान दिसतो आणि ओढला की निघतो. म्हणून आधी दहा निकामी सेलवर करून पट्टी पकडीनं फाडून पाहा. सेलवर निकेलचा ठिपका चिकटून राहिला पाहिजे. सेलला थेट सोल्डरिंग करू नये, आतलं सील तापतं.

पॅकपासून कंट्रोलरपर्यंत ५० चौरस मिलिमीटर तांब्याची वायर आणि हायड्रॉलिक क्रिंप केलेले (दाबून बसवलेले) लग, म्हणजे वायरच्या टोकाचे जोड. हातोडी-छिन्नीनं दाबलेला लग ३०० अँपियरला पहिल्याच आठवड्यात सैल होतो. फ्यूज डीसीचाच, त्यावर किमान १०० व्होल्ट डीसी लिहिलेलं हवं. ट्रकचा ३२ व्होल्टचा फ्यूज ८४ व्होल्टला वितळतो, पण आर्क तुटत नाही. कॉन्टॅक्टर (किल्लीवर चालणारा मोठा स्विच) लागण्याआधी कंट्रोलरचे कपॅसिटर १०० ओमच्या, २५ वॅटच्या रेझिस्टरमधून तीन सेकंद भरून घ्या, नाहीतर कॉन्टॅक्टरचे पॉइंट चिकटतात. चिकटलेला कॉन्टॅक्टर म्हणजे किल्ली बंद करूनही चालू गाडी.

प्रश्न : समृद्धी महामार्ग आमच्या गावावरून जातो. रात्री दोन-तीनला मोकळा असतो. एकदाच १४० करून पाहायचं आहे. शिवाय ही गाडी आरटीओत पास होईल का?
— दोघे मित्र, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : समृद्धीवर दुचाकीला मुळातच बंदी आहे, दिवसा काय नि रात्री काय. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे, मग रस्ता गावचा असो की महामार्ग. रात्रीच्या रानडुकराला आणि रोह्यांना (नीलगायींना) कायदा माहीत नसतो, हेही लक्षात ठेवा.

पास होण्याबद्दल: कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या गाडीत मनानं बदल करता येत नाही. इंजिन काढून वीज बसवायची तर एआयएस-१२३ या मानकाखाली मान्यता मिळालेलं किटच हवं, आणि ते तुमच्या मॉडेलला चालणारं. घरी जुळवलेली रेसर त्यात बसत नाही. २५० वॅट आणि ताशी २५ पर्यंतच्या गाड्यांना नोंदणीतून मिळणाऱ्या सवलतीचा आधारही घेऊ नका, तुमची गाडी त्याच्या शंभरपट पुढे आहे. ही गाडी पिकअपमध्ये टाकून ट्रॅकवर न्यायची, तिथंच चालवायची.

जागा किती लागते ते आधी समजून घ्या. आपल्या हिशेबातल्या गाडीला चाकापाशी १९ किलोवॅट मिळाले तर १४० ला पोचायला सुमारे ५७५ मीटर लागतात. त्यातले शेवटचे २३०-२४० मीटर एकट्या १३० ते १४० साठी जातात. पुढे वेग मोजायला १०० मीटर, ब्रेकवर हात जाईपर्यंत ४०, थांबायला बेताच्या ब्रेकनं १५०. म्हणजे ८६५, आणि चुकीला जागा धरून सव्वा किलोमीटर. कोणत्याही जिनिंगच्या आवारात हे बसत नाही. तिथं मालकाच्या परवानगीनं शून्य ते ६० आणि ब्रेकची चाचणी तेवढी होईल. विमानाची धावपट्टी रिकामी दिसली म्हणून आत शिरणं हा वेगळाच गुन्हा. विदर्भाला त्यातल्या त्यात जवळची मोठी जागा म्हणजे इंदूरजवळ पिथमपूरचं नॅट्रॅक्स हे वाहन-चाचणी केंद्र, त्याचा वेगाचा ट्रॅक ११.३ किलोमीटरचा आहे. ड्रॅगच्या (सरळ रेषेतल्या) स्पर्धा एफएमएससीआयच्या, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्टच्या संघटनेच्या, मान्यतेच्या असतील तरच जा. तिथं डॉक्टर, ॲम्ब्युलन्स आणि गाडीची तपासणी असते.

प्रश्न : मे महिन्यात हवा पातळ असते म्हणून टॉप जास्त मिळतो असं वाचलं. आमच्याकडे तर ४५ असतं. मेमध्येच धाव घ्यावी का?
— एक वाचक, ब्रह्मपुरी (जि. चंद्रपूर)

उत्तर : वाचलेलं खरं आहे, घ्यावी मात्र नाही. ४५ अंशांची हवा डिसेंबरच्या पहाटेच्या १२ अंशांच्या हवेपेक्षा दहा-अकरा टक्के पातळ असते. त्याच ताकदीवर वेग तीन-साडेतीन टक्के वाढतो, १३० ला चार-पाच किलोमीटर. पण पॅकचं बघा. ३०० अँपियरला ३२ मिलिओममध्ये २,८८० वॅट उष्णता होते. चाळीस सेकंद ओढलं तर १४ किलो सेल आठ-नऊ अंशांनी तापतात. ४५ वर सुरू केलं की पहिल्या धावेनंतर ५४, दुसरीनंतर ६० च्या वर, आणि बहुतेक सेलना ६० च्या पुढे वापरायला कंपनीच मनाई करते. डांबर ६० च्या वर तापलेलं, त्यावर टायर वेगळाच.

डिसेंबरच्या पहाटे उलटं होतं: सेल गार, रोध जास्त, व्होल्ट जास्त पडतात. आमच्या मते फेब्रुवारीची अखेर ते मार्चचा मध्य, सूर्य उगवल्यापासून नऊपर्यंत, वारा उठायच्या आत. निघण्याच्या तासभर आधी चार्जिंग संपेल असं जुळवा, म्हणजे सेल थोडे कोमट आणि पूर्ण भरलेले मिळतात. विक्रमाची धाव पहिल्या दोन-तीनांतच घ्या. पॅक निम्मा झाला की ८४ चे ७४ होतात, फेरे बारा टक्क्यांनी उतरतात आणि मग तुम्ही सेटिंगला दोष देत बसता. काळ्या मातीची धूळ नि कापसाचे तंतू कंट्रोलरच्या पंखांत अडकतात. दर वेळी कॉम्प्रेसरनं फुंकून घ्या.

प्रश्न : ११५ नंतर हँडल डगमगतं. स्टीअरिंग डँपर लावू का? आणि टायर जुनेच ठेवले तर चालतील का?
— एक वाचक, वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : डँपर (हँडलचं हलणं आवरणारा) शेवटी. आधी कोनसेट, म्हणजे हँडलच्या दांड्यातली बेअरिंग, बघा: पुढचं चाक उचलून फोर्क पुढे-मागे हलवा, खट् असं लागलं तर ढिला, हँडल मध्यभागी अडतं असं वाटलं तर बेअरिंगची रेस (कडी) खचलीय. मग चिमट्याचे बुश. मग चाकं एका रेषेत आहेत का ते दोरी ताणून. मोटरचा माउंट पातळ पट्टीचा असेल तर चेनच्या ओढीनं तो वाकतो आणि मागचं चाक तिरकं होतं; ट्रॉलीवाल्या वेल्डरकडून ८ मिलिमीटरची पट्टी दोन्ही बाजूंनी बांधून घ्या. हे सगळं ठीक निघालं तर वजन. दोन वजनकाट्यांवर एकेक चाक ठेवून, स्वार झोपलेल्या स्थितीत मोजा. पुढे ४८ ते ५२ टक्के हवं. पॅक टाकीच्या जागी उंच आणि मागे ढकलून बसवलेल्या गाड्यांत पुढे ४३-४४ च भरतं, आणि डगमग तिथूनच येते.

टायरच्या बाजूला शेवटचं अक्षर वाचा. एल म्हणजे ताशी १२० पर्यंत, पी १५०, एस १८०, एच २१०. त्याखाली चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांच्या वरचा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी रेसला नको.

प्रश्न : मीटरवर १३८ दिसले, मोबाइलवर १२९. कोणता खरा? मित्रांना कोणता सांगू?
— एक वाचक, तिरोडा (जि. गोंदिया)

उत्तर : १२९ च्या जवळचा. गाडीचं मीटर मुद्दाम जास्तच दाखवतं. कंट्रोलरचं मीटर मोटरच्या फेऱ्यांवरून हिशेब करतं, त्यात टायरची झीज आणि घसरण येत नाही. तीन मिलिमीटर रबर झिजलं तरी एक टक्का फरक पडतो, आणि सेटिंगमध्ये चाकाचा घेर चुकीचा टाकला असेल तर कितीही. घेर असा मोजा: टायरला खडूची खूण, स्वार बसलेला, पाच फेरे ढकलून जमिनीवरचं अंतर, भागिले पाच.

मोबाइलचं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदा मोजतं. १२९ च्या वेगात एका सेकंदात गाडी ३६ मीटर जाते, त्यामुळे क्षणिक टॉप त्यातून निसटतो. सेकंदाला दहा वेळा मोजणारं जीपीएस मॉड्यूल लावा आणि एकाच आकड्यावर न जाता सलग १०० मीटरची सरासरी धरा.

त्याहून महत्त्वाचं, दोन्ही दिशांनी पळा. ताशी १० चा वारा पाठीशी असेल तर या वेगाला सहा-सात किलोमीटर सहज वाढतात आणि गाडीनं काहीच केलेलं नसतं. एफआयएमच्या, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या, विक्रमाचा नियमही हाच आहे: दोन तासांच्या आत उलटसुलट दोन धावा आणि त्यांची सरासरी. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये इटालियन रेसर मॅक्स बियाजीनं व्होक्सान वॅटमन या विजेवरच्या गाडीवर फ्लोरिडात केलेला ताशी ४५५.७३७ हा आकडा अशाच सरासरीचा. त्याच दिवसांत जीपीएसवर ४७० च्या वर क्षणिक वेग दिसला होता, पण विक्रम म्हणून लिहिला गेला तो लहान आकडा. मित्रांना सरासरीच सांगा, आणि वहीत तिच्यासोबत तापमान, सुरुवातीचं व्होल्टेज, स्प्रॉकेटचे दात आणि टायरची हवा लिहा.